रुमालाखालचा होकार

दामू, तू मला फसवलंस. विहिरीमागची अठ्ठावीस चिकूची झाडं तू मला पाच वर्षांसाठी दिली होतीस आणि तिसरं वर्ष संपताच मला न विचारता तोडलीस. हे आधीच लिहून टाकतो, कारण तुझ्या तेराव्याला जमलेल्या माणसांपैकी एकानेही हा विषय काढला नाही. सगळे तुला सज्जन म्हणत होते. मीही मान हलवत होतो. पण माणूस गेला म्हणून त्याने सौदा मोडलाच नव्हता असं होत नाही.

त्या सकाळी माझी गाडी फळ न्यायला कैनाडला तुझ्या वाडीत आली आणि ड्रायव्हरने मला फोन केला. शेठ, झाडंच नाहीत, म्हणाला. मी त्याला विचारलं, सकाळीच प्यायलास का. मग मी स्वतः आलो. विहिरीमागे उघडी जमीन होती, मुळांचे खड्डे होते आणि फांद्यांचा ढीग. त्या ढिगात कच्ची फळं होती. मी एक उचललं. देठातून अजून चीक गळत होता.

ती झाडं तुझ्या आजोबांनी लावली, हे तू मला शंभर वेळा सांगितलंस. माझी आई वेवजीहून येऊन त्याच झाडांखाली रोजाने उभी राहायची, हे मी तुला एकदाच सांगितलं होतं. बांबूच्या टोकाला जाळी बांधलेली बेडणी वर धरून ती दिवसभर फळ उतरवायची. घरी आली की तिची मान खाली यायची नाही. जेवतानाही छपराकडे बघत जेवायची. मी पुढे पाटी घेऊन हायवेवर चिकू विकले, मग भाड्याच्या टेम्पोने बाजारात नेले, मग स्वतःची गाडी घेतली आणि माल दिल्लीला पाठवायला लागलो. वर्षानुवर्षं सगळ्या वाड्यांमधून फळ उचललं. पण ज्या दिवशी त्या अठ्ठावीस झाडांचं फळ माझं झालं, त्या दिवशी मी आईला तिथे घेऊन आलो होतो. तू तिच्यासाठी घरातली खुर्ची आणलीस. सुमनवहिनींनी चहा दिला. आईने सवयीने वर बघितलं आणि विचारलं, आता वर कोण बघणार? तू म्हणालास, "आता तुमचा मुलगा बघेल, मावशी. तुम्ही खाली बघा आणि चहा प्या." ती हसली होती. तिला तसं हसताना मी फार वेळा पाहिलं नाही. त्यासाठी मी तुझा ऋणी आहे, आणि त्याच झाडांसाठी तुझ्यावर रागावलेलोही आहे. दोन्ही एकाच जागेवरून येतं, मी काय करू?

आपला सौदा रुमालाखाली व्हायचा. ही पद्धत मी गुरांच्या बाजारात शिकलो. दोघांनी हात हातात घ्यायचे, वर रुमाल टाकायचा, बोटं दाबून आकडा सांगायचा. तोंडाने काहीही बोलावं, ते आजूबाजूच्यांसाठी असतं. खरं जे काही ते बोटांत. चिकूच्या धंद्यात असं कोणी करत नाही. पण एका वर्षी भावावरून आपण तीन तास भांडलो, मी तुझ्या ओटीवरून चपला न घालताच निघून गेलो, आणि दुसऱ्या दिवशी तू माझ्या चपला घेऊन तलासरीला माझ्या घरी आलास. म्हणालास, "चैत्या, तुझं तोंड बाजूला ठेव. हात दे." तेव्हापासून दर वर्षी रुमाल. माझं तोंड ओरडत असायचं की जमणार नाही, परवडत नाही, तू मला भिकेला लावशील; आणि रुमालाखाली मी तुझी बोटं दाबून केव्हाच हो म्हटलेलं असायचं. माझ्या तोंडातून पहिला शब्द "नाही" हाच येतो. गरीब घरातून वर आलेल्या माणसाने पहिल्या झटक्यात हो म्हटलं की समोरचा त्याला कापतो, हे मी लवकर शिकलो. अख्ख्या तालुक्यात एकच माणूस होता जो माझ्या तोंडाकडे लक्ष द्यायचा नाही. तो तू.

आणि तुझ्या तोंडाकडे मी लक्ष द्यायचो नाही, कारण तू बोलायचास फक्त काळजीचं. दोन हजार चौदा सालची गोष्ट. पावसाळा संपत आला होता. विहिरीच्या कठड्यावर बसून तू मला पेपरातलं कात्रण वाचून दाखवत होतास. जमिनीखालचं तेल कधीतरी संपणार, समुद्र चढणार, पाऊस आपली वेळ विसरणार. मग कात्रण घडी करून खिशात ठेवलंस आणि विचारलंस, डिझेल मिळेनासं झालं तर तुझ्या गाड्या दिल्लीपर्यंत ढकलत नेणार का? मी म्हटलं, तू मागून ढकल, मी स्टिअरिंग धरतो. तू हसला नाहीस. तू हिशेब मांडलास: चिकू इथून डिझेलवर जातो, आट्यासाठी गहू वरून डिझेलवर येतो, कांदा घाटावरून डिझेलवर येतो. "एक महिना गाड्या थांबल्या तर आपण काय खायचं? चिकू?"

त्याच थंडीत डिझेल स्वस्त झालं. मी तुला सोडलं नाही. प्रत्येक वेळी भाव उतरला की तुला फोन करायचो, संपत आलेलं तेल आज अजून स्वस्त झालं रे, म्हणायचो. मी टाकी भरायला सीमेपलीकडे गुजरातच्या पंपावर जायचो, सगळेच जातात, तिकडे स्वस्त पडतं. एकदा तू माझ्याबरोबर गाडीत होतास. माझी टाकी भरेपर्यंत तू पंपाच्या मीटरकडे टक लावून बघत राहिलास. परत येताना म्हणालास, "सीमा ओलांडून तू काहीतरी वाचवतोस, ठीक आहे. पण चैत्या, जिथून येतं ते भांडं तर एकच आहे ना?" मी रेडिओचा आवाज वाढवला.

दोन हजार सोळाच्या उन्हाळ्यात आपण पाच वर्षांचा सौदा केला. तुझ्या पाची बोटांवर माझी पाच बोटं ठेवून मी दाबली. तू माझ्या डोळ्यांत बघितलंस आणि परत दाबलीस. त्या सौद्याच्या जोरावर मी दुसरी गाडी घेतली. तू म्हणाला होतास, घेऊ नकोस. मी म्हटलं, तुझं ऐकलं असतं तर अजून पाटीच डोक्यावर असती. त्याच हिवाळ्यात नोटा बंद झाल्या, बाजार थांबला, फळ गाडीत पिकून गेलं. तू आलास आणि शेडमध्ये बसून माझ्या माणसांबरोबर सडकं फळ वेगळं केलंस. एक शब्द बोलला नाहीस. बोलला असतास तर मी तुला हाकललं असतं, आणि तुला ते माहीत होतं.

चिंचणीचा तो दिवस मला परत परत आठवतो. मी तुला मासळी घ्यायला घेऊन गेलो होतो. किनाऱ्यावर बोंबील वाळत घातले होते, पण अर्ध्या काठ्या रिकाम्या होत्या. तू बोंबील विकणाऱ्या मावशीला विचारलंस, काठ्या रिकाम्या का?

"मासा लांब गेला, भाऊ. आमचा माणूस आधी सकाळी जाऊन संध्याकाळी यायचा. आता तीन दिवस समुद्रात. जेवढा मासा आणतो तेवढं डिझेल पिऊन येतो."

"मग जाता कशाला?" मी विचारलं.

"मग काय, तुझ्यासारखं उभं राहून भाव पाडू?"

तू इतका हसलास की खाली वाळूत बसलास. तिच्या मुलाला तारापूरच्या कारखान्यातून घरी बसवलं होतं, हेही तिने सांगितलं होतं. घर आल्यावर उतरताना तू म्हणालास, मी घाबरतो ते वेडेपणाने नाही, हे तुला आज तरी पटलं का? मला पटलं होतं, दामू. मी म्हटलं, नाही.

आज कबूल करतो. दोन हजार अठराच्या पावसाळ्याअखेर डिझेल चढत गेलं तेव्हा मी तुला फोन करणं बंद केलं. गाडी एका फेरीत जे मिळवायची ते रस्त्यातच संपायचं. दिल्लीचा व्यापारी म्हणायचा, गिऱ्हाईक नाही, कमी पाठवा. फळाच्या बियांत अळी पडायला लागली, थंडी लांबली, फुलं गळाली. मी सकाळी उठून पहिल्यांदा डिझेलचा भाव बघायचो, मग तोंड धुवायचो. पुढे भूकंपाचे धक्के सुरू झाले. आपण सगळे अंगणात ताडपत्र्या बांधून राहत होतो, तेव्हा तू म्हणालास की जमीन हलते तेव्हा निदान सगळ्यांना एकदम कळतं. बाकीचं सगळं असं हळूहळू येतं की प्रत्येकाला वाटतं आपल्या एकट्याचाच धंदा बसलाय. ते माझ्याबद्दल होतं. मी दुसरी गाडी विकायला काढली होती आणि कोणाला सांगितलं नव्हतं. तुला कसं कळलं, हे मी विचारलं नाही.

आणि मग तू झाडं तोडलीस.

विहिरीमागच्या त्या खड्ड्यांपाशी उभं राहून मी तुला विचारलं, कोणाला विचारून तोडलीस. तू म्हणालास, माझी झाडं आहेत.

"फळ माझं होतं. अजून दोन वर्षं."

"फळ दिल्लीचं होतं, चैत्या. मला माझ्या ताटात काहीतरी पाहिजे. इथे भात लावणार. बांध घालून खाचरं करतो, कडेने नाचणी, भाजी. उद्या काहीही थांबलं तरी घर जेवेल."

"आणि झाडं कशाने काढलीस? जेसीबी काय पाण्यावर चालला?"

तू हसलास. नेमकं तेव्हा हसायला नको होतंस. मी बोलत सुटलो. म्हटलं, तुझ्याकडे जमीन आहे म्हणून तुला घाबरणं परवडतं. माझ्या गाड्या थांबल्या तर मी कुठे भात लावू, हायवेवर? तू म्हणालास, माझ्यात ये. दोघं मिळून लावू. अर्धं तुझं.

आता कळतं, ते तुझं मागणं होतं. गेली दोन-तीन वर्षं तू तेच सांगायचा प्रयत्न करत होतास. पण त्या क्षणी मला आईची वर ताठलेली मान दिसली. मला वाटलं, हा मला परत त्याच जमिनीवर बोलावतोय, जिथून मी वर आलो. मी म्हटलं, माझी आई तुझ्या वाडीत रोजाने होती, मी नाही येणार. आणि निघालो. या वेळी चपला घालून निघालो, त्यामुळे तुला मागे यायला कारण उरलं नाही.

पूर्ण पावसाळा मी तुझ्याशी बोललो नाही. पण कैनाडच्या रस्त्याने जाताना गाडी हळू करायचो. तुझा भात चांगला आला होता. गणपतीनंतर हिरवागार उभा होता. दसऱ्याच्या सुमाराला कणसं वाकली. मी मनात म्हटलं, जिंकला हा. आता मला बोलावून ताट वाढेल आणि प्रत्येक घासाला सुनावेल. मी त्या सुनावण्याची उत्तरंही तयार ठेवली होती.

पण पाऊस गेलाच नाही. दिवाळी आली तरी पडत होता. सगळ्या तालुक्याचा भात पाण्यात आडवा झाला, उभ्या कणसांना कोंब फुटले. माझा चिकूही झाडावर काळा पडून गळत होता. तू पाच वर्षं तेल संपण्याला घाबरलास आणि त्यासाठी भात लावलास. आणि तो भात पावसाने नेला. पावसालाही तू घाबरत होतास, पण बहुतेक तुला वाटलं असेल की एका वेळी एकच संकट येईल. त्यांच्यात तसा काही सौदा झालेला नसतो.

अशाच एका दुपारी तुझा फोन आला. शेडमध्ये माझी माणसं होती, एक व्यापारी होता. इतक्या महिन्यांनी तुझं नाव दिसलं, आणि माझा चेहरा त्यांना दिसू नये म्हणून मी वळून उभा राहिलो. तू म्हणालास, कापलेले भारे पाण्यात आहेत, तुझ्या शेडमध्ये जागा आणि एक गाडी मिळेल का, वाळवता आले तर अर्धं वाचेल. आणि माझ्या तोंडाने नेहमी करतं तेच केलं.

"नाही जमणार. झाडं तोडताना विचारलं होतंस का? तुला डिझेलशिवाय जगायचं होतं ना, मग आता बैलगाडी शोध."

तू "बरं" म्हणालास. फोन ठेवलास.

आता ऐक, कारण हे मी कोणाला सांगितलेलं नाही. मी ड्रायव्हरला गाडी रिकामी करायला लावली. ताडपत्री आणि दोर आत टाकायला सांगितलं. शेडची मागची बाजू झाडून घेतली, खोकी भिंतीला लावली. ड्रायव्हर विचारत होता, कुठे जायचंय. मी म्हटलं, थांब, फोन येईल. संध्याकाळपर्यंत तो स्टिअरिंगवर बसून होता. दुसऱ्या दिवशीही मी गाडी बाहेर पाठवली नाही. मी तुझ्या दुसऱ्या फोनची वाट बघत होतो. आपल्यात नेहमी असंच असतं, मी नाही म्हणतो, तू पुन्हा मागतोस, मी ओरडतो आणि देतो. पण फोनवर रुमाल नसतो. तुला फक्त माझं तोंड ऐकू आलं.

तू आणि वहिनी दोन दिवस गुडघाभर पाण्यात उभे राहून डोक्यावरून भारे ओटीवर नेत होतात. पायाला जखम होती, तरी उतरलास. पाच-सहा दिवसांनी ताप भरला. तू दमणूक समजलास, पण ते पाणी जखमेतून अंगात शिरलं होतं. मला कळलं तेव्हा तुला वलसाडला हलवलं होतं. मी ती रिकामी गाडीच घेऊन निघालो, दुसरं वाहन शोधायलाही थांबलो नाही.

तू डोळे मिटून होतास, तोंडात नळी. मी खिशातला रुमाल काढला, तुझ्या हातावर टाकला आणि खालून तुझी बोटं धरली. नर्स बघत होती, तिला वाटलं असेल काही देवाधर्माचं आहे. मी पाचही बोटं दाबली. एकदा, दोनदा. बोटं गरम होती. पण त्यांनी काही सांगितलं नाही. पहाटे तू गेलास.

तुझे भारे आता माझ्या शेडमध्ये पसरले आहेत. अकराव्याला वहिनींना विचारून मी ते आणले. निम्म्याहून जास्त काळे पडलेत, ते गुरंही खाणार नाहीत, पण मी रोज उलथवतो. माझी माणसं मला काही विचारत नाहीत. परवा टाकी भरायला सीमेपलीकडे गेलो आणि पंपाच्या मीटरकडे बघत उभा राहिलो, तुझ्यासारखा. तुझी काळजी तू माझ्या अंगावर टाकून गेलास आणि तिच्यावर वाद घालायला माणूस ठेवला नाहीस.

भारे गाडीत चढवताना वहिनी ओटीवर बसल्या होत्या. मी त्यांना म्हटलं, वहिनी, मी गाडी तयार ठेवली होती. त्या म्हणाल्या, "मी यांना म्हटलं होतं, भाऊंना पुन्हा एकदा फोन करा. नको म्हणाले. म्हणाले, त्याचं बरोबर आहे, झाडं मी न विचारता तोडली."

त्याचं बरोबर आहे. सहा महिने मी हे तीन शब्द ऐकायला थांबलो होतो, दामू, आणि तू ते वहिनींना सांगितलेस. मला नाही. मला सांगितले असतेस तर मी तुला दोन शिव्या देऊन त्याच गाडीत बसून आलो असतो. तुझ्याबरोबर पाण्यात उतरलो असतो, नाहीतर तुला उतरूच दिलं नसतं. आयुष्यभर तू माझ्या "नाही"वर विश्वास ठेवला नाहीस. मी सडक्या फळासमोर बसलो होतो तेव्हा ठेवला नाहीस, माझ्या चपला घेऊन आलास तेव्हा ठेवला नाहीस. अख्ख्या तालुक्यात तू एकटा होतास ज्याला माहीत होतं की माझं तोंड खोटं बोलतं. मग त्याच दिवशी का ठेवलास? मी काय बोललो त्याचा जाब मी देईन, रोज देतोय. पण तू एकदाच का विचारलंस, याचा जाब तुला द्यावा लागेल. वहिनींना नको, लोकांना नको. मला दे.